दातांचा ब्रिज सैल झालाय, डॉक्टर आठ दिवसांनी भेटणार. तोवर घरी चिकटवला तर चालेल का?

नाही. पाच रुपयांच्या इन्स्टंट गमने तर अजिबात नाही. एरवी मी अशा प्रश्नांना उत्तरं देत बसत नाही, पण याच गोष्टीवरून आमच्या घरातलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खाली डावीकडे तीन दातांचा ब्रिज होता, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवर सिमेंटने पक्के बसवलेले नकली दात. बरीच वर्षं उत्तम चालला. मग ते म्हणायला लागले की दाबलं की आतून पाणी चुळचुळतं, सकाळी तोंडाला घाण वास येतो. मी दाखवा म्हणून मागे लागलो होतो, पण दुखत नाही म्हटल्यावर ते कशाला ऐकतात! चुलत बहिणीच्या हळदीला वरण-बट्टीचं जेवण होतं. तळलेल्या बट्टीचा कडक काठ चावला आणि ब्रिज हातात आला.

शेजारी थोरले काका बसले होते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. "कसाले डाक्टर? चिपकाई दे, काही व्हत नही." पोराला दुकानात पिटाळून गम आणवला आणि मांडवातच ब्रिज बसवला. तो बसला एका अंगाने उचललेला. रात्री नानांचे दात मिटेनात, हिरडी पांढरी पडून सोलली. दुसऱ्या दिवशी धुळ्याला नेलं. ब्रिज निघेचना, शेवटी डॉक्टरांना तो कापून काढावा लागला. आत मागच्या दाढेचा पार भुगा. तिचं रूट कॅनल आधीच झालेलं होतं. नसच नाही तर किडलेली दाढ दुखणार कशी? तीही काढावी लागली.

आप्पांचं म्हणणं आजही तेच: डॉक्टरने पैशासाठी चांगला ब्रिज कापला. मला हे सहन होत नाही. ब्रिज उगाच सुटत नाही. आतलं सिमेंट झिजतं, नाहीतर ज्या दातावर तो उभा आहे तो किडतो किंवा मोडतो, नाहीतर चावताना जोर वेडावाकडा पडतो. यातलं काय झालं ते आत बघितल्याशिवाय आणि एक्स-रे काढल्याशिवाय कुणालाच कळत नाही, आप्पांनाही नाही. फक्त सिमेंट गेलं असेल तर बहुतेक वेळा तोच ब्रिज साफ करून पुन्हा बसतो, नव्या ब्रिजच्या मानाने खर्चही थोडा येतो. गम लावला की हा स्वस्तातला रस्ता बंद होऊ शकतो, कारण तो ओलाव्याने लगेच कडक होतो, आत थर धरतो आणि मग ब्रिज जागेवर पूर्ण बसत नाही.

तुमचा अजून अर्धवट अडकलेला असेल तर ओढू नका, ज्या दाताने तो धरून ठेवलाय तो मोडू शकतो. निघालाच तर धुऊन डबीत ठेवा आणि जाताना सोबत न्या. हाताने सहज निघणारा सैल ब्रिज झोपताना तोंडात नको. पोटात गेला तर बहुधा आपोआप बाहेर पडतो, तरी डॉक्टरांना कळवा. श्वासनलिकेकडे गेला, खोकला थांबेना किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठा. जेवण दुसऱ्या बाजूने करा, खिचडी, वरण-भात असं मऊ. उघड्या पडलेल्या दाताला गार पाणी झोंबेल, पण म्हणून घासायचं सोडू नका. चारचौघांत जायचंच असेल तर मेडिकलमध्ये कवळी बसवायची क्रीम मिळते, तिने तेवढ्यापुरता धरतो, पण आधी डॉक्टरांना फोनवर विचारा. तसेही फोन कराच. "ब्रिज निघालाय" म्हटलं की बरेच डॉक्टर मधेच वेळ काढतात. फार दिवस रिकामं ठेवलं तर शेजारचे दात सरकतात आणि जुना ब्रिज बसेनासा होतो.

एक मात्र कबूल करायला हवं. नानांची दाढ आधीच किडलेली होती, गम लावला नसता तरी ती वाचली असतीच असं नाही. पण हिरडी सोलली नसती आणि तासभर कापाकापी झाली नसती, एवढं मी आप्पांना कितीही वेळा सांगायला तयार आहे. सूज, ताप किंवा पू दिसला तर आठ दिवस थांबू नका, त्याच दिवशी जा. आणि आतला दात शाबूत आहे का, हे विचारल्याशिवाय ब्रिज पुन्हा बसवून घेऊ नका.