वाचक विचारतात: कोरियाला जायचंय, पण धावतपळत नाही

प्रश्न: ताई, आम्ही नागपुरात इंदोऱ्याला राहतो. मी, मिस्टर, सोळा वर्षांची मुलगी अन् माझी आई. मुलगी रात्रंदिवस कोरियन सिरीयल पाहून राहिली, तिला तिकडचे राजवाडे पाहायचे अन् तो ड्रेस घालायचा आहे. आई दर वर्षी न चुकता दीक्षाभूमीला जाते, तिला तिथली बुद्धविहारं पाहायची इच्छा आहे, पण ती पक्की शाकाहारी, अन् मिस्टरांना सावजीशिवाय चैन पडत नाही. ट्रॅव्हल्सवाल्यानं आठ दिवसांत सहा शहरांचं पॅकेज दिलंय. घ्यावं का?

उत्तर: नका घेऊ ताई. आठ दिवसांत सहा शहरं म्हटल्यावर निम्मा वेळ बसमध्ये अन् बाकीचा हॉटेलात सामान काढण्या-भरण्यात जाईल, आईचे तर पायच राहणार नाहीत. सोल आणि ग्योंगजू एवढी दोनच ठिकाणं धरा, मध्ये केटीएक्स ही फास्ट ट्रेन साधारण दोन तासांत नेते, अन् ग्योंगजूच्या मुक्कामातली एक रात्र विहारात काढा, माझ्या मते सगळ्या ट्रिपचा जीव त्या एका रात्रीत आहे.

तिकडे याला टेम्पलस्टे म्हणतात, २००२ च्या फुटबॉल वर्ल्डकपला पाहुणे येणार म्हणून विहारं उघडली तेव्हापासून हे सुरू आहे, बुकिंग ऑनलाइन अन् इंग्रजीत होतं. ढगळ कपडे तेच देतात, झोपायचं जमिनीवर गादी टाकून, पण जमीन खालून गरम केलेली असते त्यामुळे थंडीत फार बरं वाटतं. पहाटे चारच्या सुमारास, अंधारातच, भंते मोकताक हे पोकळ लाकडी वाद्य वाजवत आवारातून फिरतात तेव्हा उठायचं, मग वंदना, बऱ्याच ठिकाणी १०८ नमस्कार असतात (आईचे गुडघे दुखत असतील तर आधी सांगून ठेवा, बसून राहिल्या तरी चालतं), अन् नंतर भंतेंसोबत चहा पीत गप्पा. काही विहारांत जेवण जुन्या पद्धतीनं देतात, एकात एक बसणाऱ्या चार लाकडी वाट्या, भात, सूप, भाजी आणि पाणी, हवं तेवढंच घ्यायचं अन् शेवटी मुळ्याच्या लोणच्याची एक फोड पाण्यात फिरवून तिनंच वाट्या पुसायच्या, फोड खायची, पाणी पिऊन टाकायचं, एक शीतसुद्धा मागे ठेवायचं नाही. या जेवणात मांस-मासे तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आईंना सगळ्यात निर्धास्त जेवण तिथेच मिळणार.

बाहेर मात्र सांभाळा. साध्या किमचीत (आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात) बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचं पाणी असतं, अन् सूप, नूडल्स, तोकबोक्की (तांदळाच्या पिठाच्या तिखट कांड्या) यांचा रस्सा सुक्या माशांवर उकळलेला असतो. नुसतं ‘व्हेज’ सांगून भागत नाही, कारण वर मांस दिसत नसलं की वाढणाऱ्याला तो पदार्थ चालण्यासारखाच वाटतो. मांस, मासे, कोळंबी, माशाचा रस्सा नको, असं कोरियनमध्ये लिहून घेऊन मोबाइलमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. बिबिंबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मांस अन् अंडं काढून मागता येतो, भोपळ्याची खीर होबाकजुक मिळते, रस्त्यावर गूळ-दालचिनी भरलेलं गरम होत्तोक, म्हणजे गोड धिरडं, मिळतं. सोलच्या ग्वांगजांग बाजारात भिजवलेली मूगडाळ जात्यावर वाटून बिंदेत्तोक तळतात, दिसायला थेट आपलं मुगाचं धिरडं, पण त्यात डुकराचं मांस असू शकतं, विचारूनच घ्या. मिस्टरांना तिथं काही कमी नाही, तिखट भरपूर आहे, फक्त गोडसर असतं, सावजीचा ठसका त्यात शोधू नये.

ग्योंगजू ही सिल्ला राज्याची जवळजवळ हजार वर्षं राजधानी होती, गावाच्या मधोमध राजांच्या समाध्यांच्या हिरव्या टेकड्या आहेत. बुलगुकसा विहार आणि वरच्या डोंगरातलं सोकगुराम लेणं, दोन्ही १९९५ पासून जागतिक वारशात आहेत. सोकगुरामला घाई करू नका. आठव्या शतकातली ग्रॅनाइटची बुद्धमूर्ती आहे, पूर्वेकडे समुद्राच्या दिशेनं तोंड, उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडलेला, भूमिस्पर्श मुद्रा. बोधगयेच्या मूर्तीची तीच मुद्रा इतक्या दूर दगडात कोरलेली पाहून आईंना काय वाटेल ते मी सांगायला नको. मध्ये काच आहे, फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी चांगलंच.

मुलीसाठी सोलचा ग्योंगबोकगुंग राजवाडा, आजूबाजूच्या दुकानांत हानबोक, म्हणजे तिचा तो पारंपरिक ड्रेस, भाड्यानं मिळतो अन् तो घालून गेलं तर तिकीट लागत नाही. मंगळवारी बंद असतो, तेवढं बघून दिवस ठरवा. दिवाळीच्या सुट्ट्यांत गेलात तर पानं लाल-पिवळी झालेली असतात, पण नोव्हेंबरात सोलची थंडी आपल्या जानेवारीपेक्षा जास्त, स्वेटरवर भागणार नाही.

प्रश्न: आमची काटोलला संत्र्याची बाग आहे, मी नागपुरात नोकरीला. बाबांना एकदा परदेश दाखवायचाय अन् कोणीतरी सांगितलं की कोरियातही संत्री होतात. खरं आहे का?

उत्तर: खरं आहे, जेजू बेटावर, अन् बाबांना नक्की न्या. सोलच्या गिम्पो विमानतळावरून तासाभराची फ्लाइट आहे. बेट ज्वालामुखीचं, मधोमध हाल्लासान डोंगर, अन् काळ्या दगडांचे बिनचुन्याचे बांध शेताशेताला घातलेले, वारा अडवायला. दक्षिणेकडे सोग्विपोच्या बाजूला बागा जास्त, नोव्हेंबर-डिसेंबरात तोडा जोरात असतो, म्हणजे आपल्या आंबिया बहाराची फळं तोडायला येतात त्याच वेळेला, अन् बऱ्याच बागांमध्ये पैसे भरून स्वतः कात्रीनं फळं तोडता येतात. तिथलं नेहमीचं संत्रं बिनबियांचं, पातळ सालीचं. हाल्लाबोंग म्हणून एक जात आहे, तिच्या देठाकडे उंचवटा असतो, ती बहुतेक प्लास्टिकच्या शेडमध्ये घेतात, अन् बाबा तिथं रमतील असं मला वाटतं, कारण झाडाची छाटणी कशी ठेवली, पाणी कसं दिलंय हे बघायला भाषा लागत नाही. मात्र कलम किंवा डोळा काडी खिशात घालून आणायचा मोह टाळा, परवानगीशिवाय आणता येत नाही, अन् एखादा रोग आपल्याच बागेत यायचा.

प्रश्न: मी प्रतापनगरला राहते, मैत्रिणींसोबत फक्त सोल करणार, बजेट कमी. काय लक्षात ठेवू?

उत्तर: आधी व्हिसा, मग तिकीट. बँक स्टेटमेंट अन् आयटीआर लागतात, तुमचे स्वतःचे नसतील तर आईवडिलांचे तयार ठेवा. नागपूरहून दिल्ली, अन् तिथून सोलच्या इंचॉन विमानतळाला थेट विमान आहे. उतरल्यावर टी-मनी कार्ड घ्या, मेट्रो अन् बस दोन्हीला चालतं, रिचार्जला रोख वॉन (तिथलं चलन) जवळ असू द्या. रस्ता शोधायला नेव्हर मॅप (Naver Map) हे ॲप डाउनलोड करा, गुगलचं चालायचं नेव्हिगेशन तिथं धड काम करत नाही. आणि सोलमधल्या बुकचोन हानोक या जुन्या घरांच्या गावात रील काढायला जाणार असालच तर तिथं खरीखुरी माणसं राहतात, त्यांना त्रास झाला म्हणून मुख्य गल्ल्यांमध्ये पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच परवानगी आहे, नंतर सापडलात तर १ लाख वॉन दंड. दहाच्या ठोक्याला जा, गर्दी कमी असते, अन् हळू बोला.