यवतमाळकडे खेड्यातल्या लग्नाच्या फोटोंचे किती घ्यावेत? (हळद, लग्न, अल्बमसह)

खिशातून जाणारा खर्च अधिक स्वतःच्या सगळ्या दिवसांची मजुरी अधिक कॅमेऱ्याची झीज, हा तुमचा किमान भाव. समजा कामाला सोबत घेतलेला जोडीदार २,०००, पेट्रोल ५००, अल्बम ५,५००: झाले ८,०००. हळद-लग्नाचे दोन दिवस आणि फोटो निवडून एडिटिंग करायचे तीन, रोज १,५०० प्रमाणे ७,५००. कॅमेऱ्याची झीज १,००० धरली की १६,५००. याखाली उतरू नका. एडिटिंगचे दिवस बहुतेक जण धरतच नाहीत, घाटा तिथेच येतो. आकडे नमुन्याचे आहेत, अल्बमचा भाव मात्र लॅबला विचारूनच घाला. अल्बमची पानं बोलणीतच ठरवा, वाढीव पानाचे वेगळे पैसे सांगा. निम्मा इसार तारीख धरताना घ्या, उरलेले अल्बम छपाईला टाकण्याआधी. नाहीतर मे महिन्यातल्या लग्नाची बाकी कापूस विकेपर्यंत अडकते.