साहेब म्हणाले, 'आपसात मिटवा'

प्रश्न : ताई, भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. 4 वर्षं 2 महिने झाले. जूनमध्ये मी 340 नगांचा लॉट होल्ड केला, कारण भोकाचं माप तपासायच्या प्लग गेजची नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती बोअरमध्ये सरळ आत जात होती, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं. प्रॉडक्शनचा सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, 'हा नुसते कागदी घोडे नाचवतो.' साहेबांकडे गेलो, तर 'आपसात मिटवा, माझ्यापर्यंत आणू नका.' याच साहेबांच्या शब्दाखातर मी रविवारीही यायचो. आता भोंगा झाला की गेटबाहेर. ग्रॅच्युइटीला 10 महिने राहिलेत म्हणून थांबलोय. मी कामचुकार झालो का?

उत्तर : कामचुकार माणसानं तो लॉट डोळे मिटून सोडला असता. तेव्हा तो शब्द आधी खोडा.

मेयर आणि ॲलन या अभ्यासकांनी 1991 मध्ये नोकरीतल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले. कुणी जीव लागला म्हणून राहतो, कुणी सोडणं बरं नव्हे म्हणून, तर कुणी सोडणं परवडत नाही म्हणून. रविवारी येणारे तुम्ही पहिल्यातले. महिने मोजणारे तुम्ही तिसऱ्यातले. हजेरीपटावर दोघांची सही सारखीच, त्यामुळे साहेबांना पत्ताही नसेल.

पर्सोनेलमध्ये असताना मीही हा घोळ घातलाय. मशीन लावून देणारा सेटर आणि ते चालवणारा ऑपरेटर, दोघांचं वाजलं. मी दोघांना कँटीनमध्ये चहा पाजला, हात मिळवायला लावले, आणि स्वतःवर खूश झाले. दोन महिन्यांत ऑपरेटरचा राजीनामा. जाताना म्हणाला, 'मॅडम, चहा दिलात, पण चूक कुणाची ते बोलला नाहीत.'

तुमच्या सुपरवायझरची जीभ सुटली, ते वाईटच. पण त्याला विचारतात 'आज किती नग गेले', आणि तुम्हाला 'तक्रार का आली'. हे भांडण तुम्ही दोघं चहावर मिटवूच शकत नाही. ते साहेबांच्याच टेबलावरचं आहे.

म्हणून पुन्हा जा, शिफ्ट बदलायच्या गडबडीत नको, वेळ मागून जा. होल्डची नोंद सोबत न्या. अपमानाचं एका वाक्यात सांगा, आणि मग एवढंच विचारा : 'होल्ड केलेला लॉट सोडायचा की नाही, ते कोण ठरवणार? लेखी द्या.' पुन्हा 'आपसात मिटवा' आलं, तर 10 महिने पुरे करा, आणि मुलाखती मात्र आत्तापासूनच द्यायला लागा.