मध्य आशियातल्या भूवेष्टित देशांची जोडणी आणि शाश्वत वाढ आंतरराष्ट्रीय भागीदारीतून खरंच होईल, की नुसत्याच परिषदा?

होईल. पण परिषदांनी नाही, आणि नुसते रूळ टाकूनही नाही. तुम्ही प्रश्नाखाली युरोपियन युनियन आणि मध्य आशियाई देशांची समरकंदमधली एप्रिल २०२५ ची शिखर परिषद आणि तिथे युनियनने या भागासाठी जाहीर केलेले १२ अब्ज युरो यांचा दाखला दिलाय, आणि यात भारत कुठे आहे असंही विचारलंय, म्हणून लिहायला बसलो. एरवी हा विषय घरात काढायचा नाही, असं मला बायकोने बजावलेलं आहे. कारण पुढे येईलच.

मी फॉरवर्डिंगमधला माणूस, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पोचवायची व्यवस्था करणारा. बरीच वर्षं न्हावा शेव्याहून इराणमार्गे उझबेकिस्तानला जाणारा माल माझ्याकडे होता, त्यात औषधं जास्त. उझबेकिस्तानला समुद्र गाठायचा तर किमान दोन देश ओलांडावे लागतात. नकाशावर ते दोन देश दिसतात. आम्हाला दिसायचे ते दोन कस्टम, दोन भाषा, दोन वेगवेगळ्या सुट्ट्या.

एका उन्हाळ्यात ताश्कंदच्या घाऊक औषधवाल्याची इंजेक्शनं आणि सिरपं निघाली. इराणच्या बंदर अब्बासला माल वेळेत उतरला. जहाज कंपन्या आपला कंटेनर इतक्या आत सोडायला नाखूश असतात, रिकामा परत कोण आणणार? म्हणून तिथेच माल काढून रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, ट्रकमध्ये भरला. २५ अंशांच्या खाली ठेवायचा माल, सोबत तापमान नोंदवणारा लॉगर. इराणी कस्टमने सील लावलं, नंबर सीएमआरवर, म्हणजे ट्रकसोबतच्या मालाच्या कागदावर, चढला, ट्रक मशहदवरून तुर्कमेनिस्तानला लागून असलेल्या सरख्सच्या सीमेवर पोचला. इथपर्यंत सगळं आलबेल.

सरख्सला इराणच्या बाजूने तपासणीसाठी सील तोडलं. माल पाहिला, नवं सील लावलं. कागदावर नंबर मात्र जुनाच राहिला. ट्रक फाटकातून बाहेर पडला आणि पलीकडे तुर्कमेन अधिकाऱ्याने सील हातात धरून कागदाशी ताडून पाहिलं. नंबर जुळेना. त्याने ट्रक बाजूला लावायला सांगितला. त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. औषधांची गाडी आणि सील वेगळं, म्हटल्यावर कोणीही अडवेल.

आता खरा खेळ. तुर्कमेन बाजूला हवं होतं इराणी कस्टमचं पत्र, मूळ शिक्क्याचं, स्कॅन चालणार नाही. इराणी बाजू म्हणे, गाडी आमच्या नोंदीतून बाहेर गेली, आता आम्ही पत्र कशाच्या आधारावर देऊ? इराणमध्ये शुक्रवारची सुट्टी आणि गुरुवारी दुपारनंतर माणूस सापडत नाही. पलीकडे शनिवार-रविवार बंद. आठवड्यातले जेमतेम चार दिवस दोन्हीकडे एकाच वेळी कोणीतरी खुर्चीवर असायचं. मशहदचा आमचा एजंट रोज सरख्सला खेटे घालत होता. मी इथून फोनवर.

मग ड्रायव्हरने तेच केलं जे त्याच्या जागी कोणीही केलं असतं. रीफरचं मशीन डिझेल पितं, उभ्या गाडीचं डिझेल भरून देणार कोण हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून तो दिवसा मशीन चालवायचा आणि रात्री बंद ठेवायचा. पुढे डिझेल संपत आलं तसं दिवसाही अधूनमधून बंद. लॉगरचा आलेख नंतर मी पाहिला: दात पडल्यासारखा खालीवर, आणि दुपारचे काही सुळके चाळिशीच्या पार. पत्र अखेर मिळालं, ट्रक फाराब-आलातची तुर्कमेन-उझबेक सीमा ओलांडून बुखाऱ्याला लागला, ताश्कंदला पोचला, आणि घेणाऱ्याच्या क्वालिटीवाल्याने आलेख बघून सगळा लॉट परत केला. मालाच्या विम्यात उशिरामुळे झालेलं नुकसान धरत नाहीत, हे फॉरवर्डिंगमध्ये पहिल्याच वर्षी कळतं. निर्यातदाराने पैसे सोडले आणि मग तो मार्गही सोडला.

याला उपाय होता का? होता, आणि तोही १९७५ च्या करारातला. टीआयआर कार्नेट, म्हणजे ट्रकसोबत सगळ्या सीमांवर चालणारा एकच कस्टमचा दस्तऐवज. ट्रकला सुरुवातीलाच सील, आंतरराष्ट्रीय हमी, आणि मधल्या देशांनी संशय आल्याशिवाय माल उघडायचा नाही. उघडलाच तर नव्या सीलची नोंद त्याच कार्नेटवर करायची. इराण, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान तिन्ही त्यात आहेत. भारतही २०१७ मध्ये त्यात आला. आमच्या ट्रान्सपोर्टरने चार पैसे वाचवायला कार्नेट काढलंच नव्हतं.

हा किस्सा मी घरी सांगितला तेव्हा माझे मामा म्हणाले, "रेल्वे असती तर असं झालं नसतं." मामा रेल्वेतून निवृत्त, अख्खी नोकरी ट्रॅकवर. त्यांचं म्हणणं ठाम: रूळ टाका, देश आपोआप उभा राहतो. मी म्हटलं, मामा, तिथे रूळ आहेत. मशहद-सरख्स-तेजेन लाइन १९९६ पासून चालू आहे. तुमचे रूळ आणि आमचा अडकलेला ट्रक एकाच सीमेवर होते. इराणचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर, पलीकडे सोव्हिएत काळातलं १५२०. म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे बदला, नाहीतर माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरा, आणि कागद मात्र तेच, कस्टम तेच. तेव्हापासून आमच्याकडे लग्न असो की बारसं, जेवणानंतर हा वाद निघतोच.

माझं मत सांगतो, आवडलं तर घ्या. या भागात गेल्या दहा वर्षांत जे खरोखर बदललं, त्यातलं बरंचसं सिमेंटशिवाय बदललं. २०१६ मध्ये उझबेकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष करीमोव गेले, त्यांच्या जागी मिर्झियोयेव आले. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या चलनाचा, सोमचा, अधिकृत आणि काळ्या बाजारातला दर एक झाला. त्याआधी तिथल्या ग्राहकाकडून डॉलर वेळेवर निघणं म्हणजे नशीब. २०१८ मध्ये ताजिकिस्तानबरोबरचा व्हिसा गेला, बंद पडलेल्या चौक्या उघडल्या. मार्च २०२५ मध्ये किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानने सीमेचा करार केला. २०२१ आणि २०२२ मध्ये त्याच सीमेवर माणसं मेली होती. समुद्र नसणं हा भूगोल आहे, पण त्याची खरी किंमत शेजारी ठरवतो. त्यामुळे भागीदारी म्हटलं की ब्रसेल्स, बीजिंग किंवा दिल्लीकडे बघण्याआधी दुशान्बे आणि बिश्केक या ताजिक आणि किर्गिझ राजधान्यांकडे बघा.

शाश्वत म्हणाल, तर तिथेही तोच न्याय. कापसासाठी अमू आणि सिर दर्या वळवून अरल समुद्र संपवला, पण २००५ मध्ये कझाकिस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने कोकाराल धरण बांधलं आणि उत्तरेच्या तुकड्यात पाणी आणि मासे परत आले. परक्या पैशाचा इतका सरळ उपयोग मला दुसरा पटकन आठवत नाही. कम्बाराता-१ या किर्गिझ जलविद्युत प्रकल्पात आता कझाकिस्तान आणि उझबेकिस्तान भागीदार आहेत. एके काळी नदीच्या वरच्या अंगाच्या देशाने धरणाचं नाव काढलं की ताश्कंदहून धमक्या यायच्या.

आणि चीनहून रशिया टाळून युरोपकडे जाणाऱ्या ज्या मिडल कॉरिडॉरचा एवढा गाजावाजा चालू आहे, त्यात कझाक रेल्वे, अक्ताऊ बंदर, कॅस्पियनवरचं जहाज, अझरबैजानात बाकूजवळचं अलात बंदर, मग जॉर्जिया. प्रत्येक ठिकाणी हात बदलतो. कझाकिस्तान, अझरबैजान आणि जॉर्जिया या तिन्ही देशांच्या रेल्वेंनी २०२३ मध्ये संयुक्त कंपनी काढली, हे मला अब्जावधी युरोंच्या घोषणेपेक्षा मोठं वाटतं, कारण माल अडकला तर निदान फोन कोणाला करायचा ते कळेल. त्यात कॅस्पियनचं पाणी वर्षानुवर्षं खाली जातंय, अक्ताऊला गाळ उपसावा लागतो, जहाजं पूर्ण भरता येत नाहीत. म्हणजे ज्याला शाश्वत म्हणायचं, त्या मार्गातला समुद्रच शाश्वत नाही.

भारताचं तुम्ही विचारलं होतं. इराणचं चाबहार बंदर चालवण्याचा भारताचा दहा वर्षांचा करार मे २०२४ मध्ये झाला. अमेरिकेने या बंदरासाठी २०१८ मध्ये दिलेली इराणवरच्या निर्बंधांतून सूट सप्टेंबर २०२५ मध्ये काढली आणि लगेच थोड्या मुदतीसाठी परत दिली. अशा वाऱ्यावर कोणता निर्यातदार कायमचा मार्ग आखेल? मध्य आशिया ते आखात अशा वाहतुकीच्या अश्गाबात करारात आपण २०१८ मध्ये आलो, इराणमार्गे रशियापर्यंतच्या उत्तर-दक्षिण मार्गाच्या करारावर २००० मध्येच सही केली. सह्या करण्यात आपण कमी पडलेलो नाही.

आता थोडं मामांच्या बाजूने, नाहीतर अन्याय होईल. माझा सगळा अनुभव ट्रकमधल्या महागड्या मालाचा आहे. कझाक गहू, तांबं, कोळसा ट्रकने जात नाही, त्याला रूळच हवेत. कझाकिस्तानच्या तेलाचा बहुतांश भाग आजही रशियातून जाणाऱ्या एकाच पाइपलाइनने काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोसिस्क बंदराला जातो, आणि २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर तो धोका सगळ्यांना दिसलाय. तिथे दुसरा मार्ग बांधायलाच हवा, शिक्के आणि सील सुधारून भागणार नाही. शिवाय माझी माहिती सरख्सच्या बाजूची. खोर्गोसला, कझाकिस्तान-चीन सीमेवर, कामाचा वेग वेगळा आहे असं त्या मार्गावरचे लोक सांगतात.

अभ्यासासाठी विचारत असाल तर जाहीरनामे सोडा. आशियाई विकास बँकेच्या मदतीने चालणारा कॅरेक हा कार्यक्रम सीमेवर गाड्या किती तास थांबतात, त्यात किती खर्च होतो, हे मोजून प्रसिद्ध करतो. ते तास वर्षागणिक कमी होतायत का, एवढं बघितलंत तरी कोणती भागीदारी खरी आणि कोणती फोटोपुरती हे तुमचं तुम्हालाच कळेल.

मी तो अहवाल मामांनाही पाठवला. त्यांनी उत्तरादाखल चीन-किर्गिझस्तान-उझबेकिस्तान रेल्वेच्या बोगद्याचा व्हिडिओ पाठवला. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेलं हे काम, पाचशेहून जास्त किलोमीटर, इंजिनिअरिंग म्हणून जबरदस्तच. मी फक्त विचारलं की किर्गिझस्तानात मकमलला गेज बदलणार आहे, तिथे सीलचा नवा नंबर कागदावर कोण चढवणार? ते म्हणाले, "ते तुमच्यासारख्यांचं काम."