टेपच्या दोन कडा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

पाचवीचा निकाल लागल्याचं आईकडून कळलं. अपूर्णांक म्हटलं की तुझा चेहरा उतरतो आणि म्हणून सुट्टीत रोज पन्नास गणितं घालायचा तिचा बेत आहे, हेही कळलं. पन्नास नकोत, पाच पुरेत, असं मी तिला सांगितलंय. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. असो. पत्रासोबत तीन मीटरचा टेप पाठवतोय, सुतार वापरतात तसला. महिनाभर तो तुझा.

वरची कड इंचांची आहे, खालची सेंटिमीटरची. आधी वरची बघ. एका इंचाचे आठ भाग केले की त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात. (टेपवरच्या सगळ्यांत बारीक रेघा सोळाव्या भागाच्या आहेत, त्यामुळे दोन घरं मिळून एक सूत.) माझे वडील सुतारकाम करायचे. 'पाच छेद आठ इंच' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे पाच सूत. पाव इंच जाडीच्या फळीवर तीन सुतांची पट्टी ठोकली तर जाडी किती? पाव इंच म्हणजे दोन सूत, दोन नि तीन पाच. संपलं. शाळेत याला छेद समान करणं म्हणतात आणि मुलं घाबरतात. मी शिकवत होतो तेव्हा दर वर्षी निम्मा वर्ग १/४ + ३/८ = ४/१२ असं लिहायचा, वरच्यात वरचे, खालच्यात खालचे मिळवून. आता ४/१२ म्हणजे १/३. तो तर ३/८ पेक्षाही लहान! पट्टीवर फळी चढवली आणि जाडी कमी झाली, असं कुठं होतं का?

छेद अगदीच वेगळे असले तर फूट आठव. १/६ + ३/४ घे. फुटाचा सहावा भाग दोन इंच, पाऊण फूट म्हणजे नऊ इंच, मिळून अकरा इंच. फुटात इंच बारा, म्हणून उत्तर ११/१२. पुस्तकात लसावि (दोन्ही छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) काढून जो बारा येतो, तो हाच. लसावि काढायला शीकच, सगळे छेद काही फुटात बसत नाहीत. पण तो कशासाठी काढतोय, हे माहीत असू दे: दोन्ही तुकडे एकाच मापानं मोजता यावेत म्हणून.

गुणाकार तुला जमतो, म्हणून त्यावर थांबत नाही. फक्त 'निम्म्याचा पाऊण' हे १/२ × ३/४ असं लिहितात आणि उत्तर दोन्हींपेक्षा लहान येतं, याचं आश्चर्य वाटून घेऊ नकोस.

भागाकारावर मात्र थांबायला हवं. 'उलटा करून गुणा' हे वाक्य पाठ असलेली मुलं मी शेकड्यांनी पाहिली. का उलटायचं, हे सांगणारी हाताच्या बोटांवर. सहा फुटांच्या पट्टीतून पाऊण फुटाचे तुकडे किती निघतील? सहा फूट बहात्तर इंच, पाऊण फूट नऊ इंच, नऊ आठे बहात्तर. आठ तुकडे. आता एकाच फुटाकडे बघ. त्यात पाऊण फुटाचा एक पुरा तुकडा बसतो आणि पाव फूट उरतं. ते पाव फूट म्हणजे तुकड्याचा तिसरा हिस्सा. म्हणजे एका फुटात १ १/३, अर्थात ४/३ तुकडे. सहा फुटांत त्याच्या सहापट, ६ × ४/३ = ८. तो उलटा झालेला ४/३ आला तो इथून. वडिलांना विचारलं असतं तर ते सातच म्हणाले असते, कारण करवतीचं पातंही दर कापाला थोडं लाकूड खातं. परीक्षेत आठ लिही.

आता दशांश. इथं माझीच फजिती सांगतो. सातवीत होतो. खिडकीच्या काचेचं माप आलं, चार फूट सहा इंच बाय तीन फूट. मी ऐटीत वहीत ४.६ × ३ मांडलं आणि १३.८ चौरस फूट सांगून मोकळा झालो. गिऱ्हाईक वहीकडे न बघताच म्हणालं, "साडेचार त्रिक साडेतेरा. पॉइंट तीन कुणाच्या खिडकीला लावायचे?" चूक अशी की इंच बाराने चढतात आणि दशांशचिन्हाच्या उजवीकडचं घर दहाचं असतं. सहा इंच म्हणजे ०.६ फूट नव्हे, ०.५. क्रिकेट बघतेस ना? ४.३ षटकं दाखवतात तेव्हा तिथंही तेच आहे: सहापैकी तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक, खरी षटकं साडेचार. तो ठिपका दशांशचिन्ह नाहीच. धावगती काढताना ४.३ ने भागलंस तर चुकशील.

०.७ मोठा की ०.६५, हे खालच्या कडेवर बघ. मीटरचे ०.७ म्हणजे ७० सेंटिमीटर, ०.६५ म्हणजे ६५. पासष्ट सातापेक्षा मोठे म्हणून ०.६५ मोठा, ही चूक टेप हातात असताना होणं अवघड आहे. आणि एका संध्याकाळी गच्चीवर खडूने एक मीटरचा चौरस आख. चारी बाजूंवर दर दहा सेंटिमीटरला खूण करून रेघा ओढल्यास तर शंभर घरं होतील. त्यात ०.३ मीटर लांब, ०.२ मीटर रुंद आयत रंगव. घरं मोज: शंभरातली सहा. म्हणून ०.३ × ०.२ = ०.०६, ०.६ नव्हे. उत्तरात दशांशचिन्हापुढे किती अंक, हा नियम तुला शिकवतीलच; हा चौरस पाहिला असेल तर तो नियम घोकावा लागणार नाही.

रोजच्या पाच गणितांची एकच अट आहे. पेन्सिल टेकवण्याआधी उत्तराचा अंदाज तोंडाने सांगायचा, आणि तोही आपल्या शब्दांत: पाऊणच्या आसपास, सव्वादोनपेक्षा थोडं जास्त, दीडच्या आत. २.४८ × ३.९ दिसलं की 'अडीच चोक दहा, त्याहून जरा कमी' एवढं म्हणायचं, मग गुणाकार करायचा. ९६.७२ आलं तर चिन्ह चुकलंय, हे आईला दाखवण्याआधी तुलाच कळेल. आजोबांसारखी पावकी, दिडकी, औटकी (पाव, दीड नि साडेतीनचे पाढे) पाठ करावी असं मी म्हणणार नाही, पण पाव, पाऊण, सवा, दीड, अडीच हे शब्द तुझ्या तोंडात आधीपासून आहेत, ते गणिताच्या वहीत यायला लाजू नयेत. चुकलेली गणितं खोडू नकोस. शेजारी नीट करून ठेव, मला ती बघायची आहेत.

शेवटी एक काम, घाई न करता करायचं. मीटरचा तिसरा भाग खालच्या कडेवर शोध. ३३ सेंटिमीटर, ३ मिलिमीटर, आणि तरी उरतंच, ०.३३३… संपत नाही. फुटाचा तिसरा भाग मात्र नेमका चार इंच. उलट फुटाचा पाचवा भाग २.४ इंच, वरच्या एकाही रेघेवर न बसणारा, आणि मीटरचा पाचवा भाग बरोब्बर २० सेंटिमीटर. आता १/२ पासून १/१६ पर्यंत प्रत्येक अपूर्णांक भागाकार करून दशांशात लिही. संपणारे एका बाजूला, न संपणारे दुसऱ्या बाजूला. १/७ ला सहा अंकांपर्यंत दम धर. मग दोन्ही बाजूंच्या छेदांचे मूळ अवयव पाड आणि बघत बस. काय दिसलं ते फोनवर सांगू नकोस, जूनमध्ये येईन तेव्हा सांग.

आणि टेप आत सोडताना हळू सोड, झटकन सुटला की त्याच्या पत्र्याची कड बोट कापते.

तुझा,
काका