बाभळीचं ओलं लाकूड सुरीच्या मुठीला चालेल का?

तुम्ही विचारलंय की बांधावरची बाभूळ तोडलीय, तिची सुरीला मूठ करायची तर लाकूड किती दिवस वाळवावं आणि वरून तेल कुठलं लावावं. ओल्या लाकडाची मूठ बसवू नका, घरातलं कितीही मोठं माणूस सांगत असलं तरी.

आमचं गाव खानदेशात, चोपड्याजवळ. आषाढात बाभूळ पडली. आईसाठी लोहाराकडून भाजीची सुरी घडवून आणली होती, मूठ मी करणार होतो. मी म्हणालो, वाळू द्या. काका म्हणाले, "लाकूड ते लाकूडच शे." ओलं लाकूड कोरायला मऊ असतं, हे खरं. आठ दिवसांत मूठ बसली, दिसायलाही देखणी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि बोटभर चीर पडली. मी भुसा नि डिंक भरून ती बुजवली. चैत्रात आईच्या हातातच मूठ उकलली, पातं फिरलं, तळहाताला तीन टाके पडले. काकांनी दोष पात्याला दिला. लोहाराला गावभर बोल लागला.

मी ती मूठ फोडून पाहिली. मुठीत बसलेलं पात्याचं शेपूट गंजलेलं, भोवतीचं लाकूड शाईसारखं काळं. बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, म्हणूनच तिची साल कातडी कमवायला घेतात. ओल असली की ते लोखंडाला लागून काळं पडतं. शिवाय वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. आतलं लोखंड काही आकसत नाही, मग लाकूडच फाटतं. यात लोहाराची चूक कुठे?

तोडल्याबरोबर ओंडका उभा चिरा. अगदी मधला बारीक गर काढा, बाहेरचं पांढरं लाकूडही काढा, त्याला कीड लागते. तांबूस गाभा तेवढा ठेवा. दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत, हवा खेळेल असं रचा. आपल्याकडचं 45 अंशांचं ऊन दाखवलं तर आठवड्यात भेगा पडतील. जाडीच्या इंचाला एक वर्ष, असं जुने सुतार धरतात. मी काट्यावर विश्वास ठेवतो: दर महिन्याला वजन करा, उन्हाळ्यात सलग दोन महिने उतरलं नाही की लाकूड तयार. पावसाळ्यातल्या वजनावर जाऊ नका.

तेल जवसाचं, पातळ हात, दोन हातांत दोन-तीन दिवस जाऊ द्या. गोडंतेल सुकत नाही, चिकटच राहतं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटतात. घासताना तोंडाला फडकं बांधा. जुन्या घराचा अंजन झाडाच्या लाकडाचा वासा मिळाला तर बाभळीपेक्षा तो घ्या, वाळलेला असतो. फक्त फार कठीण, कानस झिजते.

माझी दुसरी मूठ दीड वर्ष वाळवलेल्या बाभळीची. आज 9 वर्षं झाली, आई रोज त्याच सुरीने भाजी चिरते. पातं तेच आहे, त्याच लोहाराचं.