पॅरिस ते व्हेनिस : विमान की रेल्वे?

प्रश्न : वृद्ध आई-वडिलांसह आम्ही पॅरिस, झुरिक आणि व्हेनिस पाहणार आहोत. मधला प्रवास विमानाने करावा की रेल्वेने?

उत्तर : रेल्वेनेच करावा. पॅरिसहून थेट गाडी साधारण ४ तासांत झुरिकच्या मध्यवस्तीत पोहोचवते. विमानतळावर जाण्यायेण्याचा आणि तपासणीचा वेळ धरला, तर विमानाने फारसे काही वाचत नाही आणि ज्येष्ठांची दमणूक मात्र होते. युरेल पास (युरोपातील अनेक देशांत चालणारा रेल्वेचा एकत्रित पास) असला तरी या गाडीचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पुढे मिलानला गाडी बदलायची असेल, तर मध्ये तासभर तरी मोकळा ठेवा. व्हेनिसला मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे स्थानकावर न उतरता बेटावरच्या सांता लुचिया स्थानकापर्यंत जावे. बाहेर पडताच समोर कालवा दिसतो.